लॅपटॉपची स्क्रीन निवडताना: ‘मूर्तींचा’ या शब्दाला किती ठिपके लागतात?

गेल्या आठवड्यात एका ज्युनिअरचा मेसेज आला. “ताई, पेट झाली. आता लॅपटॉप घेतेय. रिझोल्यूशन कुठलं घेऊ? दुकानदार म्हणतो फुल एचडी पुरे, भाऊ म्हणतो फोर-के घे, नाहीतर नंतर रडशील.”

उत्तर खरं तर दोन ओळींचं आहे आणि ते मी शेवटी देणार आहे. पण नुसतं ते उत्तर पाठवावंसं वाटलं नाही, कारण याच प्रश्नावर मी स्वतः एकदा सपशेल आपटले आहे.

झालं असं. माझी एम.एस्सी. भौतिकशास्त्रातली, पीएच.डी. मात्र तंत्रज्ञानाच्या इतिहासात. पहिल्या वर्षी माझ्याकडे १३६६ × ७६८ ची स्क्रीन असलेला जुना १५.६ इंची लॅपटॉप होता. तळोज्यातल्या खोलीवर बसून मी जुन्या मराठी अहवालांची स्कॅन केलेली पानं वाचायचे आणि त्यांतले तक्ते एक्सेलमध्ये उतरवायचे. अख्खं पान एका नजरेत दिसावं म्हणून ‘फिट पेज’ करून ठेवायची सवय. तीन महिन्यांनी तक्ता सरांना दाखवला. त्यांनी मूळ पान उघडलं, झूम केलं आणि काही न बोलता लॅपटॉप माझ्याकडे वळवला. चार ठिकाणी मी १ च्या जागी ९ लिहिला होता. त्या आकड्यांवर काढलेला आलेख आणि आलेखावर लिहिलेली दोन पानं, सगळं बाद.

सर एवढंच म्हणाले, “तुझं उपकरण काय दाखवू शकत नाही, हे तुला माहीत नव्हतं.” प्रयोगशाळेत मी सूक्ष्मदर्शकाचं लीस्ट काउंट तोंडपाठ म्हणायचे. स्क्रीन हेही उपकरणच आहे, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. मग मी या उपकरणाचा इतिहास शोधायला बसले. तो असा.

आधी शब्द नीट समजून घेऊ

भौतिकशास्त्रात रिझोल्यूशन म्हणजे दोन जवळच्या गोष्टी वेगळ्या दिसण्याची क्षमता. दुर्बिणीतून दोन तारे दोन दिसतात की एकच ठिपका, हा त्याचा निकष. लॉर्ड रॅले यांचं नाव त्या निकषाला आहे. दुकानात मात्र रिझोल्यूशन म्हणजे स्क्रीनवर आडवे किती आणि उभे किती पिक्सेल आहेत, त्याची नुसती मोजदाद. १९२० × १०८० हा आकडा क्षमता सांगत नाही, फक्त संख्या सांगतो. तेच पिक्सेल १४ इंचांत भरले तर एक गोष्ट, २४ इंचांत पसरले तर दुसरी.

म्हणून पहिला हिशोब घनतेचा, म्हणजे एका इंचात किती पिक्सेल. सूत्र आठवीतलं आहे. आडव्या आणि उभ्या पिक्सेलचे वर्ग करा, बेरजेचं वर्गमूळ काढा (पायथागोरस!), आणि स्क्रीनच्या कर्णाने भागा. १५.६ इंचांत १३६६ × ७६८ म्हणजे इंचाला साधारण १००. त्याच आकारात १९२० × १०८० म्हणजे १४१. चौदा इंचांत १९२० × १२०० म्हणजे १६२. १५.६ इंची फोर-के म्हणजे २८२.

आता डोळ्याची बाजू. सामान्य दृष्टीचा माणूस साधारण एक कला, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, इतक्या अंतरावरच्या दोन गोष्टी वेगळ्या ओळखतो. ५० सेंटिमीटरवरून पाहिलं तर हे अंतर ०.१४५ मिलिमीटर येतं, म्हणजे इंचाला १७५ पिक्सेल. ६० सेंटिमीटरवरून १४५ पुरतात. काहींची नजर याहून तीक्ष्ण असते, पण अंदाजाला हा आकडा चांगला.

चौकोनी वहीतला प्रयोग

एवढ्यावर बहुतेक लेख थांबतात. पण ते इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी लिहिलेले असतात. तुम्ही मराठी साधनं वाचणार असाल, तर गणिताची चौकोनी वही काढा आणि माझ्याबरोबर एक प्रयोग करा.

इंग्रजी ‘ई’ हे मोठं अक्षर काढा. तीन आडव्या रेषा, मध्ये दोन मोकळ्या जागा. उंचीला पाच चौकोन झाले की काम भागलं. खाली शेपूट असलेली छोटी अक्षरं धरली तरी सात-आठ चौकोनांत अख्खी वर्णमाला बसते.

आता ‘मूर्तींचा’ हा शब्द काढा. ‘र्तीं’च्या डोक्यावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार, तिघंही. त्यांना एकमेकांत न मिसळता बसवायचं तर किमान चार ओळी. शिरोरेघेला एक. अक्षराच्या अंगाला सहा-सात. आणि ‘मू’च्या खालच्या दीर्घ उकाराला, फटीसकट, तीन. बेरीज चौदा-पंधरा. वरच्या आणि खालच्या ओळीतली मोकळी जागा यात धरलेलीच नाही.

म्हणजे आपली लिपी उभ्या दिशेने भरलेली आहे. इंग्रजीचं बहुतेक काम एका मजल्यावर चालतं, आपल्याला तीन मजले लागतात. सगळा इतिहास या एका गोष्टीभोवती फिरतो.

धातूच्या काळात

मुंबईत जावजी दादाजी चौधरी यांनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. तिथले टंक राणोजी रावजी आरू यांनी कोरलेले. निर्णयसागरची जुनी पोथी कधी हातात आली तर रफार आणि अनुस्वार किती स्वच्छ वेगळे दिसतात ते पाहा. धातूत कोरणाऱ्याला ठिपक्यांची अडचण नव्हती. त्याची मर्यादा म्हणजे हाताची आणि कानशीची. अडचण होती ती जुळाऱ्याला. इंग्रजीच्या जुळाऱ्यापुढे खिळ्यांचे मोजके खण, देवनागरीच्या जुळाऱ्यापुढे जोडाक्षरांसकट शेकडो खिळे. या सगळ्याचा मोठा धांडोळा बापूराव नाईक यांनी ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ या ग्रंथात घेतला आहे. तो भाषा संचालनालयाने १९७१ मध्ये काढला. ग्रंथालयात मिळाला तर सोडू नका.

विसाव्या शतकात टंकलेखन यंत्रं आणि जुळणीची यंत्रं आली तेव्हा प्रश्न उभा राहिला की यंत्र बदलायचं की लिपी. सावरकरांच्या लिपिशुद्धीत ‘इ, ई, उ, ऊ’ ऐवजी ‘अि, अी, अु, अू’ लिहायचा आग्रह होता, त्यामागे छपाईची सोय हे एक मोठं कारण होतं. १९५३ मध्ये लखनौला लिपिसुधारणेसाठी परिषदही भरली. दिशा तीच, यंत्राला पेलवेल अशी लिपी करा. पुढे स्क्रीन आली तेव्हा हाच प्रश्न पुन्हा समोर आला, फक्त खिळ्यांच्या जागी ठिपके होते.

आठ बाय आठची खोली

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला. त्याच्या रंगीत कार्डावर स्क्रीन ६४० × २०० ची. हा आकडा कुठून आला? कार्डावर स्मृती होती १६ किलोबाइट, म्हणजे १६,३८४ बाइट. ६४० × २०० ठिपक्यांना, एका ठिपक्याला एक बिट धरून, १६,००० बाइट लागतात. झालं! डोळ्याला काय हवं यावरून तो आकडा ठरला नव्हता. स्मृती महाग होती आणि तेवढ्यात जेवढं बसलं तेवढं बसवलं.

या स्क्रीनवर ८० अक्षरांच्या २५ ओळी. भागाकार करा, एका अक्षराला ८ × ८ ची खोली मिळाली. इंग्रजीचा संसार त्यात नीट मावला. ‘मूर्तींचा’ला चौदा-पंधरा मजले लागतात हे आपण आत्ताच मोजलं. आठात बसवायचं तर अनुस्वार रफाराला चिकटणार, उकार खालच्या ओळीत घुसणार. पुढे १९८४ मध्ये ३५० ओळींचं आणि १९८७ मध्ये ४८० ओळींचं, म्हणजे ६४० × ४८० चं व्हीजीए आलं, तेव्हा कुठे उंचीला थोडी जागा झाली.

भारतात नोव्हेंबर १९८४ मध्ये नवं संगणक धोरण आलं आणि पीसी सरकारी कार्यालयांत शिरू लागले. कार्यालयाची भाषा मराठी, स्क्रीनची इंग्रजी.

पुण्याचं कार्ड, मुंबईचा फाँट

यावर पहिला मोठा उपाय आयआयटी कानपूरमध्ये आकाराला आला, मोहन तांबे यांच्या पुढाकाराने. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि हे काम तिथे आलं. त्याचं नाव जिस्ट. जिस्ट कार्ड संगणकाच्या आत खोचायचं, मग अक्षर-पद्धतीवर चालणारे डॉसचे नेहमीचे प्रोग्राम भारतीय लिप्या दाखवू लागायचे. यातली कल्पना समजून घेण्यासारखी आहे. संगणकाने मनात उच्चाराच्या क्रमाने वर्ण साठवायचे (र, मग त, मग दीर्घ ई, मग अनुस्वार) आणि ते स्क्रीनवर कसे रचायचे ते कार्डाने ठरवायचं. म्हणजे मजकूर वेगळा, त्याचं रूप वेगळं. या विचारातून इस्कीचं प्रमाण घडलं, ते १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्य झालं. युनिकोडमधला देवनागरीचा विभागही इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेला आहे. आज तुम्ही मोबाइलवर मराठी टाइप करता तेव्हा रफार आधी आणि अक्षर नंतर टाइप होतं, ते त्याच घराण्यातलं.

माझ्यासाठी महत्त्वाची गोष्ट अशी की या लोकांनी लिपी कापली नाही, यंत्राला जोड दिली. १९५३ च्या प्रश्नाचं हे उलटं उत्तर होतं.

मुंबईची बाजू माझ्या रोजच्या रस्त्यावर आहे. मी तळोज्याला पेंधरहून मेट्रो पकडते. नोव्हेंबर २०२३ मध्ये ही अकरा स्टेशनांची लाइन सुरू झाली आणि बेलापूरला जाण्यातला रिक्षाचा त्रास संपला. बेलापूर-खारघरच्या हद्दीवर सी-डॅकच्या मुंबई केंद्राचं एक कार्यालय आहे. या केंद्राचा वंश पाहा. टीआयएफआरमध्ये १९६० साली टिफ्रॅक हा स्वदेशी संगणक कार्यान्वित झाला. तिथल्या संगणकीय कामातून १९८५ मध्ये एनसीएसटी ही स्वतंत्र संस्था निघाली आणि पुढे ती सी-डॅकमध्ये विलीन झाली.

याच एनसीएसटीशी र. कृ. जोशी जोडलेले होते. मराठी वाचकांना ते लघुनियतकालिकांच्या काळातले कवी आणि सुलेखनकार म्हणून माहीत असतील. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात त्यांनी अनेक वर्षं शिकवलं. फेब्रुवारी २००० मध्ये विंडोज २००० बाजारात आलं, त्यात देवनागरीसाठी ‘मंगल’ हा फाँट होता, तो जोशींचा. तुमच्यापैकी जवळजवळ प्रत्येकाने आयुष्यातलं पहिलं मराठी युनिकोड वाक्य मंगलमध्येच पाहिलं असेल.

मंगलवर पुष्कळ टीका होते. अक्षरं बारकी दिसतात, दोन ओळींत अंतर फार वाटतं. मीही करायचे. मग हिशोब केला. त्या काळी विंडोज इंचाला ९६ पिक्सेल धरून चालायचं. मेनूतली इंग्रजी अक्षरं ८ पॉइंटची, म्हणजे उंचीला ११ पिक्सेल. तेवढ्याच आकाराच्या आकड्यात तीन मजली घर बसवायचं! अक्षराचा अंग लहान ठेवा नाहीतर ओळ उंच करा, तिसरा रस्ता नव्हता. मंगलमध्ये दोन्ही थोडं थोडं दिसतं. ज्याला आपण फाँटचा दोष म्हणतो, त्यातला मोठा भाग पिक्सेलच्या टंचाईचा आहे.

१९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टने क्लिअरटाइप जाहीर केलं. रंगीत पट्टीवर प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन उभे तुकडे शेजारी शेजारी असतात, ते वेगवेगळे वापरून आडव्या दिशेची बारकाई जवळपास तिप्पट करायची युक्ती. इंग्रजीतल्या उभ्या दांड्यांना याचा मोठा फायदा झाला. आपली कोंडी उभ्या दिशेची, आणि त्या दिशेला सुरुवातीच्या क्लिअरटाइपने काहीच दिलं नाही. शिरोरेघ आडवी, वेलांटीची कमान आडवी पसरलेली, रफार तिच्यावर. त्यांना ओळी हव्या होत्या.

७६८ हा आकडा आला कुठून

आता तुम्हाला वाटेल की पुढे वर्षागणिक ओळी वाढतच गेल्या असतील. इथेच गंमत आहे. २००० च्या सुमाराला महागड्या लॅपटॉपवर १६०० × १२०० ची स्क्रीन मिळायची. बाराशे ओळी! २००१ मध्ये आयबीएमने २२ इंची, ३८४० × २४०० चा मॉनिटर काढला, इंचाला सुमारे २०४ पिक्सेलचा, मुख्यतः वैज्ञानिक कामांसाठी. आणि त्यानंतर दहा वर्षांनी सर्वसामान्य विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर ओळी किती? ७६८.

कारण टीव्ही. हाय डेफिनिशन टीव्हीचं प्रमाण १६:९ ठरलं. काचेच्या मोठ्या तावातून पट्ट्या कापल्या जातात. टीव्ही, मॉनिटर, लॅपटॉप सगळ्यांचं प्रमाण एक केलं की तावाची नासधूस कमी, उत्पादन स्वस्त. २००८ ते २०१० च्या दरम्यान लॅपटॉपचं १६:१० प्रमाण मागे पडलं. १२८० × ८०० च्या जागी १३६६ × ७६८ आलं. जुन्या १०२४ × ७६८ मधल्या ७६८ ओळी तशाच ठेवल्या, त्यांना १६:९ ने रुंद केलं, १३६५.३३ आलं, ते १३६६ केलं. जाहिरातीत आकडा मोठा झाला, प्रत्यक्षात ३२ ओळी गेल्या. सिनेमा पाहणाऱ्याला फरक पडला नाही. उभं पान वाचणाऱ्याला पडला.

उलटा प्रवाह २०१० नंतर सुरू झाला. त्या वर्षी आयफोन ४ इंचाला ३२६ पिक्सेल घेऊन आला, २०१२ मध्ये मॅकबुक प्रो २८८० × १८०० ची स्क्रीन घेऊन. आता १६:१० पुन्हा दिसू लागलं आहे, १९२० × १२०० सहज मिळतं.

माझी चूक, आकड्यांत

आता माझ्या त्या तक्त्याकडे परत येते. ७६८ ओळींतून टास्कबार, टॅब आणि टूलबार वजा केले की पानासाठी साधारण ६०० उरतात. ए-फोर पानाची उंची ११.७ इंच. म्हणजे पानावरच्या एका इंचाला ५१ पिक्सेल. १२ पॉइंटची ओळ इंचाचा सहावा भाग, तिच्या वाट्याला साडेआठ पिक्सेल. तक्ते बारीक, ८ पॉइंटचे, त्यांच्या वाट्याला सहासुद्धा नाहीत.

साडेआठ. ही १९८१ ची ८ × ८ ची खोली! चाळीस वर्षांनंतर, युनिकोड, मंगल, सगळं झाल्यावरही, स्वस्त स्क्रीनवर ‘फिट पेज’ करून मी पुन्हा त्याच खोलीत जाऊन बसले होते. सहा पिक्सेलमध्ये १ आणि ९ यांत फरक उरतो तो एखाद्या करड्या ठिपक्याचा. माझ्या मेंदूने तो ठिपका आपल्या मनाने भरला, आणि मी त्याला ‘वाचणं’ म्हणत राहिले.

हाच हिशोब १०८० ओळींवर केला तर १२ पॉइंटला साधारण १३ पिक्सेल, १२०० वर १४, १८०० वर वीसच्या आसपास. पण नीट बघा, ८ पॉइंटचा तक्ता १२०० ओळींवरही नऊ-साडेनऊच्या पुढे जात नाही. म्हणजे चांगली स्क्रीन घेऊनही फिट पेजवर आकडे उतरवले असते, तर चूक झालीच असती. कदाचित चारऐवजी दोन. स्क्रीनचा दोष होता, पण आपलं उपकरण कुठे अडतं हे न तपासण्याचा दोष माझा.

मग घ्यायचं काय

आता त्या दोन ओळी. चौदा इंच असेल तर १९२० × १२०० घ्या, १५.६ इंचांत किमान १९२० × १०८०. १३६६ × ७६८ शक्यतो नकोच, आणि फोर-केसाठी जास्तीचे पैसे मोजू नका, ते रॅमवर घाला.

कारणं तुम्ही आता स्वतः काढू शकता. इंचाला १०० पिक्सेलवर १२ पॉइंटचं मराठी जेमतेम बसतं, १० पॉइंटला कोंडतं. १४० ते १६२ म्हणजे हातभर अंतरावरून डोळ्याच्या मर्यादेजवळ. २८२ म्हणजे त्या मर्यादेच्या बरंच पलीकडे, आणि त्याची किंमत बॅटरी मोजते. ८३ लाख पिक्सेल चालवणं हे २१ लाख चालवण्यापेक्षा भारी काम आहे. शिवाय प्रयोगशाळेतल्या उपकरणांचं जुनं सॉफ्टवेअर फोर-केवर उघडलं की त्याची बटणं मुंगीएवढी होऊ शकतात. नकाशे, हस्तलिखितं किंवा सूक्ष्मदर्शकाच्या प्रतिमा हाच तुमचा विषय असेल तर मात्र जास्त पिक्सेल जरूर घ्या. आकडा कामावरून ठरतो.

दुकानात जाताना पेनड्राइव्हवर तुमच्या विषयातलं सर्वांत वाईट स्कॅन केलेलं पान घेऊन जा. नेहमी बसता तितक्या अंतरावर उभे राहा. नेहमीच्या झूमवर ‘मूर्तींचा’सारखा शब्द शोधा आणि वेलांटी, रफार, अनुस्वार तिन्ही सुटे दिसतात का पाहा. स्केलिंग १०० वरून १२५ करा, शिरोरेघ करडी होते का ते बघा. दुकानदार कंटाळेल, कंटाळू दे.

आणि पैसे नसतील, जुनाच लॅपटॉप वापरावा लागत असेल, तर वाईट वाटून घेऊ नका. मी त्याच ७६८ वर अजून एक वर्ष काढलं. फक्त नियम केला की आकडे उतरवताना झूम २०० च्या खाली जायचं नाही, आणि प्रत्येक तक्ता दुसऱ्या दिवशी उलट्या क्रमाने तपासायचा. त्या वर्षी सरांनी काढलेल्या चुका शून्य.

जिला हे सगळं लिहून पाठवलं, तिचा रिप्लाय आला, “ताई, म्हणजे फुल एचडी ना?” हो गं, फुल एचडी. पण घेण्याआधी चौकोनी वही काढ.